खिडकीखालची परात

मी या परसाचा राजा बोलतोय. तुरा बघा, छाती बघा, ऐट बघा! प्रजेचं तेवढं विचारू नका. प्रजेत आता एकटी ठिपकी उरली आहे, आणि ती मला हिंग लावूनही विचारत नाही.

माझा जन्म खोक्यातला. खाली रद्दी पेपर अंथरलेला. माझी सगळी शाळा त्याच पेपरावर झाली. निम्म्या बातम्या मी वाचल्या, उरलेल्या निम्म्यांवर भावंडांनी आपापलं मत टाकलं. त्यामुळे मी अर्धवट शहाणा राहिलो. पुरता शहाणा माणूस कसा असतो, ते मी मालकांकडे बघून शिकलो.

मालक घड्याळजी. दुकान बंद होऊन काळ लोटला, तरी एका डोळ्याला भिंग लावल्यासारखं जगाकडे बघतात. जगातलं सगळं बारीकसारीक दिसतं, समोरची बायको दिसत नाही.

आमच्या मालकीणबाईंचा जीव मात्र आमच्यात. कारभार कडक! सकाळी आधी दाणे. भाजी दुपारी, तीही मूठभर. गाजर किसून, पालेभाजी धुऊन बारीक चिरून, कारण लांब देठ आमच्या गळ्याखालच्या पिशवीत गुंता करून बसतात. कोबीचा गड्डा सुतळीला टांगायचा, म्हणजे टोची मारायला आम्ही उड्या मारणार. हिरवट पडलेली बटाट्याची सालं, बुरशी धरलेलं, तेलामिठाचं, यातलं काही खुराड्याच्या आसपास फिरकायचं नाही. दिवस कलला की उरलंसुरलं उचलून परात घासायची.

शेजारीण कुंपणावरून म्हणायची, "अहो, कोंबड्या आहेत का जावई?"

"जावई काहीही खातात," बाई म्हणायच्या. "यांना जपावं लागतं."

आता माझी खोड सांगतो. खाऊ दिसला की कोंबड्यानं 'टुक टुक' करून कोंबड्यांना बोलवायचं आणि आधी त्यांना खाऊ द्यायचं, ही आमच्या घराण्याची रीत. मी खाऊ नसतानाच बोलवायचो. पांढरी, थोरली, ठिपकी, तिघी पदर खोचून धावत यायच्या, माती उकरायच्या आणि जाताना मला एकेक टोच देऊन जायच्या. काय मजा यायची म्हणून सांगू!

मग मालकांचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं. बाई भाज्या नुसत्या वाफवू लागल्या. मालक खिडकीत बसून जेवायचे. बाई मागाहून स्वयंपाकघरात, एकट्या. खिडकीच्या बरोबर खाली आमची परात.

घड्याळाचे स्क्रू ठेवायच्या डबीत मालकांनी मीठ लपवलं होतं. बाईंची पाठ फिरली की डबी वाटीवर उपडी. हात सैल, त्यात घाई. निम्मं जेवतात न जेवतात, तोच बाईंच्या पावलांचा आवाज. मग चोरी उघडी पडू नये म्हणून वाटीतलं सगळं खिडकीतून खाली, परातीत!

"संपवलंत? आवडलं?" बाई विचारायच्या.

"झकास!"

मी खूश. मालक माझ्याच जातीचे निघाले! मी 'टुक टुक' केलं. त्या वेळी मात्र अगदी खरं.

आधी पांढरी गेली. पाण्याच्या भांड्यापासून हलेना, मग पाय लुळे पडले. मागोमाग थोरली. बाईंनी सगळं स्वतःवर घेतलं. भाजी दोनदोनदा धुतली, आणखी बारीक चिरली, शेवटी कोबीसुद्धा बंद केला. जनावरांचे डॉक्टर आले. "काय घालता यांना?" बाईंनी इत्थंभूत सांगितलं. त्यात चूक सापडेना. डॉक्टर मान हलवून गेले. मालक खिडकीत नखं कुरतडत होते.

"माझ्याच हातून काहीतरी होतंय," परात पुसत बाई म्हणाल्या.

"होतं असं," मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबी पुन्हा उघडली.

आता ठिपकीचे पाय थरथरतात. माझेही. आरवायला मान वर केली की राजेसाहेब मागच्या मागे बसतात. पाणी कितीही प्यालं तरी तहान तशीच. आम्हा दोघांचं आता काही खरं नाही.

तुम्ही कुणी परसातल्या पाखरांना भाजी घालत असाल तर जरूर घाला. धुवा, बारीक चिरा, पण तुमच्या वाटीतलं देऊ नका. आम्हाला चव कळते, पुढचं कळत नाही. तसं ते मालकांनाही कळत नाही, आणि त्यांनी तर पूर्ण पेपर वाचलेत.

आज दुपारी हे तुम्हाला सांगत असतानाच खिडकीतून भोपळा पडला. मी धडपडत पार कुंपणाशी गेलो आणि जीव तोडून 'टुक टुक' केलं. इकडे ये, ठिपके, इकडे! तिनं मान वळवून बघितलं. मला पुरती ओळखून आहे ती. सरळ परातीकडे गेली.

एरवी आम्ही परात चाटूनपुसून मोकळी करायचो. आज ठिपकी दोन घासांत कलंडली, फोडी उरल्या. बाई धावत आल्या, तिला पदरात घेतलं. तिची मान हातावरून लोंबली. परातीत वाफवलेला भोपळा बघून बाई थबकल्या. एक फोड उचलून जिभेवर ठेवली. मग वर खिडकीकडे बघितलं. मालकांच्या हातात डबी तशीच.

"अगं, किती दिवस अळणी गिळायचं माणसानं?" मालक म्हणाले. "तू जेवून बघ एकदा तसलं, म्हणजे कळेल."

"डॉक्टरांनी मीठ तुमचं बंद केलं होतं," बाई म्हणाल्या. "त्या दिवसापासून मीही अळणीच जेवतेय. माझ्या ताटात कधी डोकावलात?"