अंगठ्याजवळचं भोक

अंतराळवीरांचे पोशाख शिवणाऱ्या त्या कारखान्यात टाका चुकला तर उसवायचा नाही, अख्खा तुकडा फेकायचा. साध्या कापडातलं सुईचं भोक बुजतं, पण हवा अडवणाऱ्या रबरी कापडाला पडलेलं भोक कायमचं. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशीला हे बावीस वर्षं तोंडपाठ. तरी परवा हातमोज्याच्या अंगठ्याशी टाका वाकडा गेला आणि तिने घरच्या सवयीने तो उसवून शेजारी दुसरा घातला. शिवणीवर हवाबंद पट्टी बसली, भोक पट्टीबाहेर राहिलं. आज सकाळी चहा गाळताना तिला हे आठवलं, आणि चहा तसाच टाकून थेट साहेबांच्या खोलीत येऊन तिने सगळं सांगितलं.

"अहो, दाबाच्या चाचणीत पास झालाय तो," साहेब म्हणाले. "दुपारी पेटी निघायचीय."

"चाचणीत तो निवांत टेबलावर पडून होता. वर अंतराळात ती अंतराळवीर पोरगी तो घालून राबणार. ताण पडला की भोक फाकतं."

"मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला दिसलं नाही, तर तुम्हीच कशाला बोंब मारता? दीड वर्षात निवृत्त व्हाल. आत्ता नोकरी गेली तर?"

मावशीला भीती वाटली, अगदी खरी वाटली. पण माप देताना त्या पोरीने हात लपवत विचारलं होतं, "मावशी, नखं कुरतडलेली चालतील ना?" तेवढ्यावरून मावशीने तिला चांगलंच झापलं होतं. मग आता स्वतःची चूक कशी झाकायची?

"ही मूठ झाकून कशी चालेल साहेब? दिवसभर उघडमीट करायचीय तिला."

पोशाखाची पेटी साहेबांच्या टेबलाशेजारी उघडीच होती. मावशीने हातमोजा उचलला, कात्री चालवली आणि अंगठा टेबलावर ठेवला.

"डोकं फिरलंय का तुमचं?" साहेब ताडकन उठले. "लिहून द्या, यंत्रात अडकून फाटला म्हणून!"

"यंत्राने काय घोडं मारलंय? उसवलं मी, कापलं मी." तिने तसंच लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली.

"मग राजीनामाही लिहा!"

"लिहीन की. पण तिच्या हाताचं माप माझ्या बोटांत आहे आणि नवा मोजा शिवायला तीन दिवस लागतात. आधी मोजा, मग राजीनामा. उलटं केलंत तर पोरगी काय उघड्या हाताने जाणार?"

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढून वाचला. मग त्यांनी फोन उचलला आणि पेटी थांबवायला सांगितली.

"तीन दिवसांत नक्की होईल?" निघालेल्या मावशीला दारात अडवून त्यांनी विचारलं.

"होईल," मावशी म्हणाली, "तुम्ही दारातून बाजूला झालात तर."