सैल बांधायची वेल

वायरमनचा आयुष्यभर एका गोष्टीवर गाढ विश्वास होता: सैल वायर म्हणजे अपघात. कारखान्यातून तो निवृत्त झाला, पण विश्वास काही निवृत्त झाला नाही. घरातल्या दिव्याची, पंख्याची, टीव्हीची वायर भिंतीला अशी चिकटलेली असायची, की मागे लपायचं म्हटलं तर पालीलाही जमू नये. कपडे वाळत घालायची दोरी इतकी ताणलेली, की चिमटा लावला तरी टणकन वाजायची. सगळी गल्ली त्याला वायरमन म्हणायची, आणि चिडली की बायकोसुद्धा.

बायको लोकांचे कपडे शिवायची. शिवणयंत्रावरून उठली की अंगणात, अंगणातून उठली की यंत्रावर. समोरच्या भिंतीला लावलेल्या लोखंडी जाळीवर तिची लाडकी वेल होती. नर्सरीवाल्यानं तिचं नाव क्लेमॅटिस सांगितलं होतं. बाईनं ते पहिल्याच दिवशी मोडीत काढलं आणि ‘जांभळी’ म्हणायला लागली. तळहाताएवढी जांभळी फुलं यायची. बहर आला की पलीकडच्या घरातली माणसं उगाचच चहापत्ती मागायला येत.

त्या जांभळीलाच बांधताना ती स्टुलावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, टाके निघाले. बाई मात्र खिडकीजवळच्या पलंगाला जी चिकटली ती चिकटलीच. न्हाणीघरापर्यंत वायरमनच्या खांद्यावर भार टाकून जायची, आणि परत आली की भिंतीकडे तोंड. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला तर ती रोज नवं कारण द्यायची. एक दिवस त्या मुलीनं वायरमनला दाराबाहेर गाठलं.

“काका, हाडानं त्याचं काम केलंय. आता उरलीय ती भीती. काकू अशाच पडून राहिल्या तर पाय चालणं विसरतील. मग मी आले काय नि न आले काय.”

वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. आत जाऊन त्यानं जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, “काय गं, जरा अंगणात जाऊन बसायचं का?”

“कशाला? पुन्हा पडायला?”

“अगं, जांभळी बघायला.”

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली. “फुलू दे तिला. फुलली की बघू.”

झालं! बुडत्याला काडी मिळाली. त्या दिवसापासून वायरमननं जांभळीचा असा काही ध्यास घेतला, की नवऱ्या मुलीची आईसुद्धा लग्नाआधी इतकी घायकुतीला आली नसेल. बायको पलंगावरून हुकूम सोडायची आणि हा अंगणात पळायचा.

“मुळाशी फरशीचे तुकडे ठेवलेत ना? तिचे पाय सावलीत हवेत आणि डोकं उन्हात.”

“ठेवलेत.”

“पाणी मुळाशी. पानांवर नाही.”

“माहितीये गं!”

“काय माहितीये? गेल्या वर्षी बादली वरून ओतली होतीत. आणि ऐका, कोंब वाढले की बांधायला माझ्या डब्यातल्या कापडाच्या पट्ट्या घ्या. आठच्या आकड्यासारखा वेढा, मध्ये दोन बोटं जातील एवढा सैल. धरून ती स्वतःच ठेवते, पानाच्या देठानं. आपण फक्त वाट दाखवायची.”

वायरमन “हो हो” म्हणाला. पण डबा उघडून त्या रंगीबेरंगी चिंध्या बघितल्यावर त्या वापरायला त्याचा जीवच होईना. वाऱ्याची एक झुळूक आली की हे सगळं लोंबकळणार. हत्यारांच्या पेटीत त्याच्याकडे केबल टाय होते, म्हणजे त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एकदा ओढल्या की पुन्हा न सुटणाऱ्या. वायरींचे जुडगे बांधायला त्याच्यासारखी चीज नाही. वायरमननं दिवसभर खपून जांभळीचा एकेक कोंब सरळ केला, काटकोनात वळवला, आणि वितीवितीवर टाय लावून कटकट आवळला. संध्याकाळी लांब उभं राहून बघितलं, तर काय देखणं काम! कारखान्यातला साहेब असता तर पाठ थोपटली असती.

खिडकीतून बायकोला जाळीचा फक्त वरचा भाग दिसायचा. “अगंबाई, यंदा कशी शहाण्यासारखी चढतीये!” ती म्हणाली. वायरमन लाजला, पण टायबद्दल चकार शब्द बोलला नाही.

पुढे ऊन वाढलं, वेल भराभर चढली, टोकाटोकाला कळ्या दिसू लागल्या. बायको आता भिंतीकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघायची. एकदा तर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली. वायरमननं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उगाच दृष्ट लागायची.

आणि एका सकाळी तो पाण्याची बादली घेऊन बाहेर आला, तर जांभळीनं माना टाकलेल्या. वरची पानं भिजल्या फडक्यासारखी लोंबत होती, कळ्या वाकल्या होत्या. जवळ जाऊन बघतो तर काय, कोवळे कोंब जाड झाले होते आणि टाय होते तिथेच, होते तेवढेच. प्लास्टिक सालीत रुतलं होतं. त्याच्या वर सगळं काळं पडत चाललेलं. वायरमननं कटर आणून एकेक टाय तोडला. गळफास सोडवला, पण प्राण आहे की गेला हे कोण सांगणार?

तो तडक आत आला आणि खिडकीचा पडदा ओढला.

“हे काय?” बायको म्हणाली.

“ऊन येतंय तुझ्या डोळ्यांवर.”

“बाहेर ढग आहेत.”

“जातील की ते.”

बायकोनं त्याच्याकडे टक लावून बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला धड खोटं बोलता आलं नव्हतं. वीज गेली तरी त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं की फ्यूज कुणी उडवलाय. “जांभळीला काय झालंय?” तिनं विचारलं.

वायरमन पलंगाच्या पायथ्याशी बसला. “मेली बहुतेक. मी मारली.” मग टायची सगळी हकिकत त्यानं खाली मान घालून सांगितली.

बायको म्हणाली, “अहो, ती वेल आहे का मेन लाइन? दोन बोटं म्हटलं होतं ना मी? दोन बोटं!” आणि तिचे डोळे भरून आले. “कळ्या आल्या होत्या हो.”

तिच्या शिव्या वायरमनला सवयीच्या होत्या, डोळ्यातलं पाणी नव्हतं. आता ही पुन्हा भिंतीकडे तोंड करणार आणि या खेपेला कायमचंच, असं त्याला वाटलं.

बायकोनं पदरानं नाक पुसलं. “काळं पडलेलं कापून टाका. टाय होता त्याच्या खाली, जिथे सालीखाली हिरवं लागेल तिथवर. डोळ्यांच्या जोडीच्या जरासं वर कापा. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतला तो फुगीर ठिपका. पडदा सारा आधी.”

तो कात्री घेऊन बाहेर गेला. आतून आवाज आला, “कुठे कापताय?”

“इथे.”

“इथे म्हणजे कुठे? मला दिसत नाही.”

“खालून वीतभर.”

“थांबा! डोळा आहे का तिथे?”

“असेल.”

“असेल? असेल म्हणजे काय?” पलंग करकरला. “हात लावू नका. कात्री खाली ठेवा. तुमच्या भरवशावर सोडलं तर तिला मुळासकट काढाल आणि वर म्हणाल, सरळ दिसतंय!”

वायरमन कात्री हातात धरून तसाच उभा राहिला. आत इतके दिवस कोपऱ्यात पडून असलेली चालण्याची काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. थोडं थांबून पुन्हा एकदा. त्याला धावत जावंसं वाटत होतं, पण काय वाटलं कोण जाणे, तो जागचा हलला नाही. शेवटी ती दारात दिसली, घामाघूम, ओठ घट्ट मिटलेले. अंगणात उतरायला पायऱ्या होत्या. तो पुढे झाला.

“हात नको, खांदा द्या. आणि श्वास सोडा, तुम्हीच पडाल आधी.”

खाली आल्यावर त्यानं खुर्ची ठेवली. ती बसली आणि एकेक कोंब हातात घेऊन नखानं साल किंचित खरवडू लागली. तपकिरी. तपकिरी. पुन्हा तपकिरी. ती कापत गेली आणि वाकलेल्या कळ्या मांडीवर ठेवत गेली. मातीलगतच्या एका जाड फांदीवर नख थांबलं. तिनं डोळे बारीक करून बघितलं, पुन्हा एकदा खरवडलं.

“हिरवं आहे,” ती म्हणाली. “यंदाची फुलं विसरा. जगली तर जगेल.”

“जगेल का?”

“मला काय विचारता? मी काय तिच्या पोटात शिरलेय?” पण बोट त्या फांदीवरून काढलं नाही.

तेवढ्यात व्यायामवाली मुलगी आली. तिला पलंग रिकामा दिसला आणि ती “काकू! काकू!” करत घरभर फिरून अंगणात धडकली.

“ओरडू नकोस गं, इथेच आहे मी,” बायको म्हणाली. “उतरले रागाच्या भरात. आता वर कसं चढायचं ते सांग. इतके दिवस कानाडोळा केला, आज ऐकते.”

मुलीनं वायरमनकडे बघितलं. वायरमन जाळीकडे बघत होता.

“वर जाताना चांगला पाय आधी,” मुलगी हळूच म्हणाली. “मग काठी आणि दुसरा पाय. मी मागे आहे.”

बायको उठली. पहिल्या पायरीवर चांगला पाय ठेवून दम खायला थांबली आणि मागे वळून म्हणाली, “अहो, उभे काय राहिलात? पाणी घाला. मुळाशी.”