सरांच्या खिशातला डोळा

सर बँकेत आले तेव्हा पावणेअकरा वाजले होते, आणि त्यांनी मला ओळखच दाखवली नाही.

हे अघटितच होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासात मी दोन वर्षं काढली, आणि त्याच सर्टिफिकेटावर मला ही नोकरी लागली. एरवी सर आले की दारातूनच हाक मारायचे, "काय गं, पाठ ताठ ठेवून बसतेस ना?" आणि पन्नाशी उलटलेली मी खरंच ताठ व्हायचे. त्या दिवशी मात्र ते सरळ समोर येऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली आणि म्हणाले, "माझी मुदत ठेव मोडायची आहे. सगळी. आणि ही रक्कम या खात्यावर पाठवायची आहे."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. खातं कुणा तिऱ्हाइताचं होतं. रक्कम साडेनऊ लाख.

"सर, एवढी घाई का? तीन महिन्यांत मुदत पुरी होतेय. व्याज बुडेल."

सर थोडा वेळ थांबले. कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसे. मग म्हणाले, "भाच्याला घर घ्यायचंय."

सरांना भाऊ नाही, बहीण नाही. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याही एकुलत्या एक. मग हा भाचा आला कुठून?

तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. उजव्या कानातून एक पांढरी वायर निघून शर्टाच्या खिशात उतरली होती. खिशात फोन होता, उभा, आणि त्याच्या कॅमेऱ्याचा काळा डोळा खिशाच्या काठावरून माझ्या टेबलाकडे बघत होता. सर कधी गाणीसुद्धा ऐकत नाहीत. कानात काही घातलेलं मी त्यांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

फोनवर कुणीतरी होतं. ऐकत होतं आणि बघतही होतं.

मुख्य कार्यालयाकडून महिन्याला एक तरी पत्रक यायचं. ठग पोलीस असल्याची बतावणी करतात, व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात, तुम्हाला अटक झालीय म्हणतात, फोन बंद करू देत नाहीत. पत्रकं मी वाचायचे, फाइलला लावायचे. आपल्या सरांच्या बाबतीत असं होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला जास्त टोचला तो दुसराच विचार. सरांना हा फोन वापरायला शिकवलं कुणी? मी! माझा काउंटर पूर्वी रोखीचा होता. आता नोटा मोजायच्या मशीनवर कापडाचं झाकण असतं, आणि वर पाटी आहे, 'मदत कक्ष'. आसपासच्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांना फोनवरून पैसे पाठवायला मीच शिकवलंय. सर तर दोन वर्षं नाहीच म्हणत होते. "पाकीट घरी ठेवा हो सर, जमाना बदलला," असं म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते.

"साहेबांची सही लागेल," मी मोठ्यानं म्हटलं. "बसा सर, दोन मिनिटांत आले."

साहेब म्हणजे आमचे शाखाधिकारी. वयानं माझ्या मुलाएवढे, हुशार, पण घाबरले की अर्धी वाक्यं गिळतात. केबिनचं दार लावून मी सगळं सांगितलं.

"पैसे पाठवू नका. पोलिसांना... आपण सरळ त्यांना सांगू की..."

"सांगायचं कसं? तो ऐकतोय. बँकवाले चोराला सामील आहेत, असं त्यानं आधीच सरांच्या डोक्यात भरवलं असणार. आपण नाही म्हटलं तर सर घरी जाऊन फोनवरून पाठवतील."

"मग चिठ्ठी लिहा."

"तो बघतोय ना, साहेब! चिठ्ठी टेबलावर ठेवली की आधी तोच वाचेल."

मी काचेतून बाहेर पाहिलं. सर पाठ ताठ ठेवून बसले होते, क्लासात बसायचे तसेच. त्या पाठीकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी साहेबांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि जवळजवळ पळतच बाहेर आले.

"सर, एक फॉर्म राहिला."

पैसे भरायच्या स्लिपच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायला घेतलं. शॉर्टहँडमध्ये. ज्याला ती येत नाही त्याला ती नुसती कोंबडीची पावलं. पण सत्तावीस वर्षांत मी एक ओळ लिहिलेली नव्हती! आठवेल तशा रेघा ओढल्या: 'फोनवर चोर आहे. बोलू नका.' आणि स्लिप त्यांच्यापुढे सरकवली.

सरांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. माणूस इतका घाबरलेला की समोरचं दिसतच नव्हतं त्याला. झालं, मी मनात म्हटलं, गेलं सगळं पाण्यात.

तेवढ्यात त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. ती आठी मी ओळखत होते. तिला आम्ही सगळ्या मुली घाबरायचो. सरांनी हात पुढे केला, माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि दुसऱ्या शब्दावर काट मारली.

शॉर्टहँडमध्ये 'च' आणि 'ज' यांची रेघ एकच. बारीक काढली तर च, दाबून काढली तर ज. घाबरून मी पेन्सिल दाबली होती. 'फोनवर जोर आहे' असं लिहिलं होतं मी! सरांनी त्याच्यावर हलक्या हातानं, कशी सुंदर बारीक रेघ काढली. चोर. चूक सुधारली, आणि सुधारलेलं वाक्य सवयीनं पहिल्यापासून वाचलं.

पेन्सिल तिथंच थांबली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा खरंखुरं पाहिलं. मी मान अगदी जराशी हलवली: हो.

मग ती पेन्सिल काय धावली म्हणता! पंचाहत्तरीच्या माणसाचा हात, पण एक रेघ वाकडी नाही. मी उलट्या बाजूनं वाचत होते: 'सकाळी साडेनऊला सव्वा लाख गेले. ही घरी आहे. खोलीबाहेर पडू नको म्हणालेत.'

"हां, बरोबर भरलात," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "आता फक्त सही जुळवून बघते."

स्लिप घेऊन पुन्हा केबिनमध्ये. साहेबांना वाचून दाखवलं मात्र, त्यांची सगळी भीती कुठल्या कुठे पळाली. त्यांनी फोन ओढला. सरांचं खातं आमच्याच शाखेतलं, त्यामुळे सकाळच्या सव्वा लाखाचा व्यवहार क्रमांक माझ्या पडद्यावर मिळणार होता. फसवणुकीच्या तक्रारींचा नंबर त्यांनी लावला आणि तोंडावर हात धरून मला म्हणाले, "त्याला गुंतवून ठेवा! साडेनऊ लाख येणार अशी आशा आहे तोवर तो सव्वा लाखाची घाई करणार नाही. दहा मिनिटं द्या मला."

दहा मिनिटं! मी जागेवर येऊन बसले, पडद्यावरचा क्रमांक कागदावर टिपला, शिपायाहाती आत पाठवला, आणि गंभीर चेहरा करून म्हटलं, "सर, तुमची सही जुळत नाहीये."

सर विसरलेच की हे नाटक आहे. "माझी? माझी सही जुळत नाही?"

"शेपटी वेगळी येतेय."

"चाळीस वर्षं एकच शेपटी आहे माझ्या सहीला!"

"परत करा ना, सर."

सरांनी सही केली. मी ती उजेडात धरली, मान हलवली. "अंहं." दुसरी केली. तिसरी केली. मध्येच ते थबकायचे, कानात काहीतरी ऐकायचे आणि कष्टानं म्हणायचे, "लवकर करा, भाचा वाट बघतोय." चौथ्या सहीला मी म्हटलं, आता सर्व्हर बंद पडलाय. पाचव्याला सर्व्हर चालू झाला पण प्रिंटरमधला कागद संपला. कागद आणायला मी मुद्दाम सगळ्यात लांबच्या कपाटाकडे गेले. आयुष्यभर कामाचा उरक दाखवणारी बाई मी, आणि त्या दिवशी वेळकाढूपणात पहिला नंबर पटकावला. रांगेतला एक गृहस्थ वैतागून म्हणाला, "अहो ताई, गोगलगाय बरी!" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. इतकं खरं वाटलं असेल ते खिशातल्या माणसाला!

सरांच्या कपाळावर घाम जमला होता, पण डोळे बदलले होते. आता त्यांत काहीतरी चमकत होतं. सहाव्या सहीखाली त्यांनी हळूच दोन रेघा ओढल्या: 'रागावलाय.' मी खाली लिहिलं: 'छान.'

इतक्यात केबिनचं दार उघडलं. साहेब दारातच उभे, कानाला फोन, आणि मोकळा हात त्यांनी असा वर केला जसा काही शेवटच्या चेंडूवर सामना जिंकलाय. पैसे दोन खात्यांतून फिरून तिसऱ्यात पोचले होते. त्या तिसऱ्या खात्याला कुलूप लागलं होतं. चौतीस हजार काढले गेले होते. एक्याण्णव हजार आत अडकले, चोराच्या हाताबाहेर.

मी पेन्सिल उचलली. या वेळी नीट लिहिलं, एकही रेघ चुकवली नाही: 'थांबवले. आता काय बोलायचं ते बोला.'

सरांनी कानातली वायर काढली. खिशातून फोन काढून समोर धरला. पडद्यावर गणवेशातला एक तरुण होता, मागे भिंतीवर कसलंसं बोधचिन्ह चिकटवलेलं, त्याचा एक कोपरा सुटलेला. वायर निघाल्यामुळे त्याचा आवाज आता आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "फोन खिशात ठेवा! सांगितलं ना, अधिकाऱ्यांशी सहकार्य..."

"गप्प बस," सर म्हणाले. क्लासातला आवाज. अख्खी बँक गप्प झाली. "आता तू जागेवरून हलायचं नाहीस. कॅमेरा चालू ठेवायचा. घरच्यांशी बोलायचं नाही. लोक येतायत तुझ्याकडे."

पडदा काळा झाला. त्यानंच फोन तोडला होता, घाबरून!

कुणीतरी टाळी वाजवली. गोगलगाय म्हणणारा गृहस्थच होता तो. मग सगळेच वाजवायला लागले. सर मात्र मटकन खुर्चीत बसले, आणि एकदम उठले. "ती घरी एकटी आहे."

आम्ही दोघं निघालो. घर चार गल्ल्या पलीकडे. सर पुढे, मी मागे धापा टाकत. जिना चढून दार उघडलं तर आतली खोली बंद.

"काकू!"

"कोण ते?" आतून बारीक आवाज. "मला बाहेर यायला बंदी आहे."

"मी आहे, बँकेतली. उठली बंदी. चोर होते ते काकू, पोलीस नव्हते!"

कडी निघाली. काकू दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि सरांच्या दंडावर एक चापट दिली. "मी सकाळपासून सांगत होते! खरा पोलीस इतक्या वेळा 'मॅडम' म्हणेल का?" आणि मग रडायला लागल्या. सरही रडले. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचे तीन पेले भरले, आणि तिथंच उभी राहून माझा वाटा रडून घेतला.

पाणी पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "उद्यापासून रोख. हे फोनबिन बंद. तू मला सांगितलंस म्हणून मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मला लागलं ते. पण खोटं नव्हतं. "चुकलंच माझं," मी म्हटलं. "पैसे पाठवायचे कसे ते शिकवलं. कुणी घाबरवलं तर काय करायचं, ते शिकवलं नाही. पण सर, त्यानं तुमच्या खात्याचं कुलूप फोडलं नाही. फोडता येतच नव्हतं, म्हणून तर धाक दाखवून तुमच्याकडून किल्ली मागत बसला. आणि हेच सव्वा लाख रोख नेले असते तर? नोटांच्या मागे आपण कुठे धावलो असतो?"

काकू बोलल्या. "रोख तुम्ही वापरा. तुम्ही घाबरलात म्हणून मी का सुट्टे शोधत फिरू? आणा तो फोन इकडे. आणि तू," माझ्याकडे बोट, "सोमवारी मला शिकव. पैसे पाठवायचं नंतर. आधी नाही म्हणायचं शिकव."

सोमवारी काकू आल्या, शेजारच्या चौघीजणींना घेऊन. त्यांच्या मागून सरही आले, पिशव्या सांभाळत. मी आणि साहेबांनी मिळून तासभर शिकवलं. अनोळखी फोन सरळ ठेवून द्यायचा. पैसे घ्यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणार. कुणी म्हणालं 'कुणाला सांगू नका' तर सगळ्यात आधी सांगायचं. काकूंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. सरांनी हळूच विचारलं, "आणि सांगायला लाज वाटली तर?" साहेब म्हणाले, "माझ्या सख्ख्या काकांचे गेले, सर. बँकवाल्याचे काका. तेही लाजले. चार दिवसांनी सांगितलं, तोवर..." नेहमीप्रमाणे वाक्य गिळलं त्यांनी, पण या वेळी सगळ्यांना कळलं.

अडकलेले एक्याण्णव हजार पाच आठवड्यांनी परत आले. चौतीस गेले ते गेलेच.

त्याच दिवशी संध्याकाळी मला काकू दिसल्या, फळवाल्याच्या गाडीपाशी. पहिल्यांदाच एकट्या पैसे देत होत्या. मागे चारपाच गिऱ्हाइकं ताटकळलेली. काकूंनी फोन डोळ्यांजवळ धरला, पडद्यावर आलेलं नाव मोठ्यानं वाचलं आणि फळवाल्याला दरडावून विचारलं, "हेच ना नाव तुमचं? पूर्ण सांगा."

त्यानं सांगितलं.

"वडिलांचं?"

"अहो काकू, सफरचंदं घेताय की सोयरीक जुळवताय?"

गिऱ्हाइकं हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी रक्कम दोनदा तपासली, फोन छातीशी धरून, कुणाला दिसू नये असा पिन दाबला, आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. गाडीवरच्या डबीतून आवाज आला, पैसे मिळाले.

"पोचले!" काकू रस्त्यावर ओरडल्या. "अहो, पोचले!"

पलीकडच्या पदपथावर उभ्या असलेल्या सरांनी पिशवी हातात उंच धरली आणि तितक्याच मोठ्यानं विचारलं, "किती पाठवलेस?"

"तुम्हाला कशाला सांगू?" काकू म्हणाल्या, आणि सफरचंदं निवडायला लागल्या.