थोडं पित्त झालंय

आम्हा इथिओपियाच्या लोकांना वाईट बातमी सांगता येत नाही. वर त्याला आम्ही रीत म्हणतो. कोणी गेलं तर फोनवर सांगायचं नाही. चार जाणत्या माणसांनी पहाटे दाराशी जायचं, माणूस कामाला निघण्याआधी त्याला घरातच गाठायचं आणि मग सांगायचं. का, तर धक्का एकट्याने सोसायला लागू नये. इथवर मला पटतं. पण आमचे लोक आजारपणसुद्धा लपवतात, तिथे माझं डोकं फिरतं.

सेनाइत आमच्या वरच्या मजल्यावर राहते. अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या या बिल्डिंगमध्ये निम्मी बिऱ्हाडं आमचीच. ती शिकायला आली, बेरेकेतशी लग्न केलं. तो इथला नागरिक, म्हणून तिने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. बेरेकेत दिवसभर टॅक्सीवर, त्यामुळे वकिलाकडे तिच्याबरोबर मी गेले होते.

"निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "परवानगीशिवाय गेलात तर तुम्हीच अर्ज सोडून दिला असं धरतात. प्रवासाच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज टाकलाय, पण त्याला कित्येक महिने लागतात."

"आणि घरी कोणाचं काही बरंवाईट झालं तर?" सेनाइतने विचारलं.

"गंभीर आजार असेल तर तिथल्या हॉस्पिटलची चिठ्ठी मागवा. ती घेऊन आपण इथल्या ऑफिसात जाऊ. तातडीची परवानगी बहुतेक चार-आठ दिवसांत मिळते. मग जा आणि परत या, अर्जाला धक्का लागत नाही."

सेनाइतचा जीव भांड्यात पडला. येताना तिने मला कॉफी पाजली आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

पुढे तिचा धाकटा भाऊ दाग्ने, तिकडे इथिओपियात डेसी गावी आईजवळ राहणारा, त्याचं लग्न ठरलं. झालं, रोज फोन. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत बसले होते आणि फोनमधून सगळी डेसी बोलत होती.

"नवऱ्याची बहीण नाही म्हणजे लग्न कसलं?" मावशी म्हणाली.

"अमेरिकेत जाऊन मोठी झाली बाई आपली!" मामा.

"एत्ये, चारच दिवस ये ना गं," दाग्ने म्हणाला. आमच्यात थोरल्या बहिणीला एत्ये म्हणतात. याला तिनेच पाठीवर घेऊन वाढवलेला.

सेनाइत वैतागली. "अरे, आत्ता देश सोडला की सगळं पाण्यात! अर्ज बाद, परत येणं बंद. काहीही झालं तरी मला येता येणार नाही. लिहून ठेवा भिंतीवर."

मग आईच बोलली, "बस हो तू तिथेच. कागद हातात पडल्याशिवाय हलू नकोस. मी कुठे पळून जात्येय?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "ते चिठ्ठीचं नाही सांगितलंस?"

ती खळखळून हसली. "ते सांगितलं, तर उद्या अख्खी डेसी आजारी पडेल गं! मामा तर स्वतःच डॉक्टरची सही मारून पाठवेल."

मीही हसले.

लग्न झालं. सेनाइतने ते फोनवर बघितलं आणि नंतर दिवसभर तोंड धुवून पुन्हा पुन्हा रडली. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत आईचा आवाज बारीक येऊ लागला.

"एमायेला काय झालंय रे?" सेनाइतने दाग्नेला विचारलं. एमाये म्हणजे आई.

"काही नाही, थोडं पित्त झालंय. तिखट खाते, ऐकत नाही."

मग व्हिडिओ बंद झाला. इकडे नेट नाही म्हणे. मग आई कायम झोपलेली, नाहीतर कायम चर्चला गेलेली. एकदा सेनाइत खवळली, "दाग्ने, मरियमची शपथ घे."

"शपथ. पित्तच आहे. डॉक्टरने दूध प्यायला सांगितलंय."

तिने तिथून पुढे दर फोनला दुधाची चौकशी केली. तिचा खरंच विश्वास बसला होता, की तिने तो बसवून घेतला होता, हे मी कधी विचारलं नाही.

शनिवारी पहाटे आम्ही तिच्या दाराशी उभे राहिलो. पुढे आमचे वडीलधारे गाशे मुलुगेता, मागे जिनाभर माणसं, सगळ्यांनी पांढऱ्या शाली पांघरलेल्या. बेरेकेतला आदल्या संध्याकाळी कळवलं होतं, त्यानेच दार उघडलं. त्याच्यामागून सेनाइत आली, जिन्यावरची माणसं तिने पाहिली. कोणी काही बोलण्याआधीच तिला कळलं.

"एमाये?" तिने विचारलं.

गाशेंनी मान खाली घातली. तिने दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, मी आणि बेरेकेतने तिला धरलं. तिच्या आईला मंगळवारीच पुरलं होतं. सगळ्यांना सुटी असेल म्हणून आम्ही शनिवार निवडला होता. मीही त्यात होते.

तीन दिवस घरात माणसं मावेनात. जमिनीवर गाद्या, मोठ्या पातेल्यात गहू-हरभऱ्याच्या घुगऱ्या. तिसऱ्या दिवशी दाग्नेचा फोन आला. सेनाइतच्या हातात फोन धरायचं त्राण नव्हतं, म्हणून तो आमच्या दोघींच्या मध्ये उशीवर ठेवला.

"पोटाचा कॅन्सर होता, एत्ये," तो म्हणाला. "लग्नाच्या वेळीच कळलं होतं. पाच महिने काढले तिने."

सेनाइतने उशी जवळ ओढली.

"डॉक्टर म्हणाले, कोणी बाहेरगावी असेल तर बोलावून घ्या. मी म्हटलं, आम्ही सगळे इथेच आहोत." तो पुढे म्हणाला. "तिनेच शपथ घातली होती गं. म्हणाली, पोरीला कळलं तर कागद टाकून धावत येईल, तिचं वाटोळं होईल. आणि तूच म्हणाली होतीस ना, काहीही झालं तरी येता येणार नाही. मग सांगून तुझ्या जिवाला घोर का लावायचा?"

माझं रक्त उकळलं. अरे मूर्खा, त्याच डॉक्टरची एक चिठ्ठी, एवढंच लागत होतं! पाच महिन्यांत ती चार वेळा येऊन गेली असती! मी फोनकडे वाकले, तोंड उघडलंही. सेनाइतने माझं मनगट पकडलं. तिची नखं रुतली, तरी तिने ते सोडलं नाही.

"एत्ये? ऐकतेस ना?" दाग्नेने विचारलं. "मी सांगितलं असतं, तरी तुला येता आलं नसतंच ना गं?"

खोलीतल्या बायामाणसांपैकी कोणालाच त्या चिठ्ठीचं माहीत नव्हतं, माहीत होतं ते फक्त आम्हा दोघींना.

"नाही रे राजा," सेनाइत म्हणाली. "कुठून येणार होते मी? तू केलंस तेच बरोबर केलंस."

पलीकडे तो हुंदके देऊन रडला, लहानपणी रडत असेल तसा. मग नाक ओढून म्हणाला, "आता बरं वाटलं, एत्ये. इतके दिवस झोप नव्हती मला. सारखं वाटायचं, माझ्यामुळेच तुझी आणि तिची भेट चुकली."