एकोणीस जणींचा अर्ज

मित्रांनो, लोटनभाऊंच्या घरी कपाटावर, पापडाच्या डब्याशेजारी, जुन्या लुंगीत गुंडाळलेला एक चौकोनी ठोकळा आहे. तो मी. टेपरेकॉर्डर. लुंगीवरून मला हसू नका. ज्याला लुंगी मिळते त्याला धूळ कमी लागते, हे वयाबरोबर कळते.

माझ्या पाठीवर परदेशातल्या कंपनीचे नाव कोरलेले आहे. खरा जन्म कुठला, हे मात्र विचारू नका. गोऱ्या नावाची काळी पेटी, इतके पुरे. भुसावळच्या बाजारातून दलिचंद शेठनी मला आणले ते त्यांच्या पत्नीसाठी. मोहनबाई पहाटे माझ्याकडून स्तवने ऐकत. त्या घरात मी दोन वर्षे सुखात होतो. कौतुकही फार होत असे. पाहुणे आले की माझ्यावरचा क्रोशाचा रुमाल काढून मला दाखवीत आणि पाहुणे गेले की परत झाकून ठेवीत.

माझ्या अंगावर तीन आकड्यांची एक इवलीशी खिडकी आहे. फीत सरकते तसे आकडे पुढे जातात. तिच्यामुळे मला एक खोड लागली. कोण किती बोलतो आणि कोण किती ऐकतो, याचा मी मनातल्या मनात हिशेब ठेवतो. आजवरच्या जमाखर्चात बोलणारे फार निघाले. ऐकणारे बोटावर मोजण्याइतके.

१९८७ च्या गणपतीनंतर माझी बदली झाली. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत शेठची तुरीच्या डाळीची मिल होती. तिथे लोटनभाऊ मुकादम होते. शेठनी त्यांच्या खोलीवर पेंटरकडून 'सुपरवायझर' असे लिहून घेतले होते. पाटी नवी, माणूस तोच. आवाज एवढा की चाळणीची घरघर चालू असताना हाक पलीकडच्या गोदामात पोचे. एकदा मी मोजले. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते एकेचाळीस वेळा ओरडले, आणि त्यातल्या छत्तीस वेळा ज्याच्यावर ओरडले तो तिथे नव्हताच. मनाने मात्र लोण्यासारखे. ओरडून झाले की ज्याच्यावर ओरडले त्यालाच तंबाखू पुढे करीत.

शेठचा भाचा लीलाधर नुकताच डिप्लोमा घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शेठनी लोटनभाऊंना बोलावून सरळ सांगितले, "लोटन, पुण्याची एक संस्था टपालाने सुपरवायझरचे शिक्षण देते. फी मी भरतो, टेपरेकॉर्डर घरचा देतो. पास झालास तर खुर्ची तुझी. नापास झालास तर लीलाधर बसेल आणि तू परत काट्यावर पोती मोजशील. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटायचे ते वाटलेच. बारा वर्षांपूर्वी ते पोती मोजूनच वर आले होते.

शिक्षणाची रीत अशी. दर महिन्याला टपालाने एक कॅसेट येई. पहिल्या बाजूला खांबेटे सरांचा धडा. दुसरी बाजू कोरी. तिच्यावर लोटनभाऊंनी आपले उत्तर बोलायचे आणि कॅसेट परत धाडायची. सरांचा आवाज म्हणजे धुतलेला, वाळवलेला, घडी घातलेला. "नमस्कार, पर्यवेक्षक मित्रहो." लोटनभाऊ टोपी सरळ करून ऐकत.

अडचण उत्तराची होती. माझी लाल कळ दाबली की हा गडगडाटी माणूस एकदम पाहुण्यासारखा बोलू लागे. "माननीय महोदय, कामगार हा उद्योगाचा कणा आहे, असे माझे नम्र मत आहे." मग खोकला. मग लांबलचक शांतता. सहा कॅसेटींवर त्यांना काठावर गुण मिळाले. सातवा धडा शेवटचा आणि त्याला सगळ्यांत जास्त गुण. विषय होता गैरहजेरी. सरांनी तीन पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी लेखी सूचना, मग तोंडी समज, मग शिक्षा. उत्तरात आपल्या कारखान्यातली खरी अडचण घ्यायची आणि ती कशी सोडवली ते सांगायचे.

खरी अडचण शोधायला लांब जावे लागले नाही. आखाजी तीन आठवड्यांवर आली होती. खान्देशात अक्षय्य तृतीयेला दिवाळीइतका मान. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, गाणी रंगतात. मिलमध्ये डाळ निवडायला एकोणीस बाया होत्या. आखाजीच्या आधी आठ दिवस त्या एकेक करून गायब होत. काही स्वतः माहेरी जात, काहींच्या लेकी घरी येत. आणि नेमका त्याच दिवसांत मोठ्या मालाचा ट्रक भरायचा असे. दरवर्षी लोटनभाऊ ओरडत, दरवर्षी बाया जात.

या वर्षी ते पहिली पायरी चढले. फळ्यावर खडूने लिहिले : "आखाजीला रजा मिळणार नाही. कोणास अडचण असल्यास लेखी कळवावे." त्यावर लगेच माझ्यासमोर बसून अर्धा तास घाम गाळत उत्तरही बोलून टाकले. चौदा वेळा थांबले, पण झाले. कॅसेट दुसऱ्या दिवशीच्या टपालाने जायची होती.

संध्याकाळी एकोणीसच्या एकोणीस बाया दारात उभ्या. पुढे बेबाबाई. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, कमरेला चुन्याची डबी.

"लोटनभाऊ, फळावर काय लिखेल शे?"

लोटनभाऊंनी वाचून दाखवले.

"लेखी म्हंजे?"

"म्हंजे कागदवर लिखीसन."

"आमन्यामा दोन जनीस्ले सही येस. ती बी उलटी." मागे खसखस पिकली. बेबाबाई हसली नाही. तिने माझ्याकडे बोट केले. "तुम्ही पुणाले उत्तर धाडतस, ते लिखीसन का बोलीसन?"

"बोलीसन. या डब्बामा."

"मास्तर ते लेखी धरस ना?"

"धरस."

"तर आमनं बी धरा. दाबा ती लाल कळ."

मित्रांनो, मी लोटनभाऊंचा चेहरा पाहिला. स्वतःच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभा असलेला माणूस असाच दिसतो. कोरी कॅसेट नव्हती. माझ्या पोटात होती ती एकच, तिच्यावर त्यांचे उत्तर. लाल कळ दाबली की नवे बोलणे चढते आणि जुने पुसले जाते.

"उद्या या," ते म्हणाले.

"उद्या तुमनी कॅसेट पुणाले जास," बेबाबाई म्हणाली. सगळी माहिती होती तिला. "मंग आमना अर्ज कोठे बोलाना? चाळणीमा?"

ते फळ्यापर्यंत जाऊन परत आले. मग खाली बसले, फीत मागे गुंडाळली आणि लाल कळ दाबली. "माननीय महोदय" पुसले गेले तेव्हा, खरे सांगतो, मला जराही दुःख झाले नाही.

झुंबरबाई आधी बोलली. "मनी सुरतनी पोर तीन सालमा येई ऱ्हायनी. ती दारमा उभी ऱ्हाई, आनि मी आठे, मिलमा, तूरमाधला खडा येचू का?"

एकेक बोलत गेली. कुणाच्या सुनेला पहिल्यांदा माहेरी धाडायचे होते, कुणाला गौराईचे पाणी आणायचे होते. माझ्या खिडकीतले आकडे सरकत होते आणि एक नवल घडत होते. लोटनभाऊ गप्प होते.

मग भागाबाई पुढे आली. ती एरवी कुणाशी बोलत नसे. माझ्या अगदी जवळ तोंड आणून, विहिरीत डोकावावे तसे, ती म्हणाली, "माले माहेर नही. माय गयी, भाऊनं दार बंद. आखाजीले बठ्ठ्या जातस, मी एकली चुल्हापान बठस. माले सुट्टी नको. माले आठे येऊ द्या."

लोटनभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

शेवटी बेबाबाई. तिच्याकडे रडगाणे नव्हते, बेत होता. "दुपारले पत्रा तपस. डोयासमोर अंधारी येस, खडा दिखत नही. पहाटे पाचले बलावा, बारा वाजता सोडा. थंडामा हात दुप्पट चालस. आखाजीना दोन दिन पहिले गाडी भरी देसूत. नही भरनी तर मना नाव बेबा नही."

"बेबाबाई, बारा सालमा हाई कधी सांगं नही?" लोटनभाऊंनी विचारले.

"तुम्ही कधी इचारं?"

फितीचा शेवटचा तुकडा उरला होता. बाया गेल्यावर लोटनभाऊ माझ्यावर वाकले. पहिल्यांदाच पाहुण्यासारखे बोलले नाहीत. "सर, मी सातवा धडा मोडला. माझं उत्तर पुसलं गेलं. या बायांनी सांगितलं तसं करून पाहतो. नापास केलं तरी चालेल." मग जरा थांबून, "नाही, चालणार नाही सर. पण आता काय करू?"

सकाळी कॅसेट टपालात पडली.

शेठनी पहाटे पाचचे ऐकून कपाळाला हात लावला. "उजेडाआधी दिवे जाळायचे? लोटन, पुण्याचे शिक्षण तुला चढले की काय?" लीलाधर बाजूला उभा राहून पेनाचे टोपण काढत आणि लावत होता. शेठ शेवटी म्हणाले, "ट्रक चुकला तर निकालाची वाटही पाहणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे चाळणी घरघरू लागली. गार वाऱ्यात बायांचे हात सुपांवर नाचत. अकरापर्यंत पूर्वीच्या दिवसभराइतकी डाळ निवडून होई. लोटनभाऊंचे ओरडणे मी मोजत होतो. आठवड्यात ते सातवर आले, आणि त्यांतले चार तुरीच्या गाडीच्या एका बैलावर होते.

पण मिल म्हटली की काहीतरी मोडायचेच. शेवटच्या दिवशी सकाळी आठलाच वीज गेली. चाळणी थांबली. ऐंशी पोती बाकी, ट्रक दारात, आणि बारानंतर बायांना सोडायचा शब्द दिलेला. लोटनभाऊंनी तोंड उघडले. मला वाटले, आता बारा वर्षांचा साठा एकदम बाहेर येणार. त्यांनी तोंड मिटले. बेबाबाईकडे गेले. "काय करूत?"

"हातनी चाळसूत."

बारा वाजले तरी वीज आली नाही. तेवढ्यात फाटकातून रंगीबेरंगी लुगडी आणि साड्या आत शिरल्या. माहेरी आलेल्या लेकी, आयांना न्यायला आलेल्या. झुंबरबाईची सुरतची पोर सगळ्यांत पुढे. लग्नाआधी त्यांतल्या निम्म्या इथेच डाळ निवडायच्या. आयांनी "घर जा, घर जा" म्हणून हाकलले. पण पोरी काही ऐकेनात. एकीने गप्पा मारता मारता सूप ओढले, दुसरीने आईच्या हातातले काढून घेतले. सासरच्या चहाड्या, हसणे, गाणी आणि खड्यांची टपटप, सगळे एकत्र. मला वाजवायची कोणाला गरजच वाटली नाही. आयुष्यात तेवढा एकच अपमान मी आनंदाने सोसला.

साडेतीनला शेवटचे पोते ट्रकवर चढले.

ट्रकवाल्याकडून लोटनभाऊंनी जाड दोर मागून घेतला आणि मिलच्या आवारातल्या निंबाला झोका बांधला. आखाजीच्या दिवशी भागाबाई आली. तिच्या मागून बेबाबाई आली, मग झुंबरबाई लेकीला घेऊन आली. मोहनबाई घरून रसाचे पातेले घेऊन आल्या आणि "मी फक्त बघायला आले" म्हणता म्हणता झोक्यावर बसल्या. शेठ हिशेबाच्या खोलीत जाऊन बसले. खिडकी मात्र उघडी ठेवली.

आखाजीनंतर पाचव्या दिवशी पुण्याची कॅसेट आली. लोटनभाऊंना ती एकट्याने ऐकायची होती. बेबाबाईने ती त्यांच्या हातातून घेऊन माझ्या पोटात घातली. एकोणीस बाया, शेठ, लीलाधर, सगळे भोवती.

"नमस्कार, लोटनराव." खांबेटे सरांची घडी जरा विस्कटली होती. "तुमची कॅसेट मी तीनदा ऐकली. अहिराणी समजायला शेजारी राहणाऱ्या, मूळ धुळ्याच्या गृहस्थांना बोलावले. माझ्या धड्यातली एकही पायरी तुम्ही नीट चढला नाहीत. तुमचे स्वतःचे उत्तरही कॅसेटवर नाही."

लोटनभाऊंनी भिंतीला पाठ टेकली.

"पण कामगारांना विचारावे, हे सात धड्यांत मी कुठेच सांगितले नव्हते. ते तुम्ही केलेत. तुम्ही उत्तीर्ण आहात. सातवा धडा मी बदलतो आहे. पुढच्या तुकडीला माझ्या आवाजाऐवजी हेच ध्वनिमुद्रण ऐकवावे म्हणतो. आपण परवानगी द्याल का?"

लोटनभाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, "देतो की!"

"तुम्ही कोन देनारा?" बेबाबाई कडाडली. "आवाज आमना शे! धाडा म्हना, पन बठ्ठ्यास्ना नाव सांगाले पाहिजे. एकोणीस. एक बी कमी नही."

लगेच कॅसेट उलटवून लाल कळ दाबली गेली. आजवर कुणाची सून, कुणाची माय म्हणून ओळखल्या गेलेल्या बाया आपापले नाव आणि माहेरचे गाव सांगू लागल्या, पदरात हसत, एकमेकींना कोपराने ढोसत. भागाबाईची पाळी आली. नाव सांगून ती अडखळली.

"गाव?" कोणीतरी विचारले.

लोटनभाऊ माझ्याजवळ तोंड आणून आपल्या नेहमीच्या गडगडाटी आवाजात म्हणाले, "लिखा सर, दलिचंद शेठनी दाल मिल!"

एवढा हशा झाला की माझी आवाज मोजणारी सुई लाल पट्ट्याला जाऊन धडकली. भागाबाईने पदराने तोंड झाकले, पण खांदे हलत होते.

लीलाधरला शेठनी पुढच्या तुकडीत घातले. दोन पेनं खिशाला लावून तो शिकायला बसला, आणि सातव्या महिन्यात कॅसेटमधून जी त्याला शिकवू लागली ती बेबाबाई!

पुढे शिक्षण व्हिडिओवर आले आणि माझा रबरी पट्टा सैल झाला. काही वर्षे मी गोदामात होतो. उंदराने माझ्या वायरीची चव घेतली आणि नापसंत केली. मिलमधून निवृत्त होताना लोटनभाऊंनी शेठनी देऊ केलेले घड्याळ नाकारून मला मागून घेतले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याचे सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून त्याची आतडी खातात. फीत वाचणारे मुंडके कापसाने पुसा, नखाने नको. आणि समोरचा माणूस बोलायला सुरुवात करील तेव्हा, यंत्र असो वा नसो, त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत कुठलीच कळ दाबू नका.