चवळीखाऊ लेखिकेबद्दल परीक्षकांचं मत

न्येलेचा लेख आमच्या अंकात आला आणि तिची संस्थेतली नोकरी पक्की झाली. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मंगळवारपर्यंत यातलं काहीही झालेलं नव्हतं. शुक्रवारी मुदत संपत होती. लेख घेतल्याचं पत्र नाही, तर नोकरी नाही.

त्याच संस्थेचं आमचं त्रैमासिक आमच्या देशातल्या सेगू भागाच्या संस्कृतीचा अभ्यास करतं. संपादक असितानबाई, बाकी सगळा मी. न्येलेने तीन वर्षं कुंभारणींबरोबर चिखल तुडवून घागरींवरच्या नक्षीवर लिहिलं होतं. लेखकाचं नाव झाकून लेख परीक्षकाकडे पाठवायचा, असा नियम. मी नाव झाकलं. पहिल्याच तळटिपेत तिने आजीचे आभार मानले होते, आडनावासकट. ते झाकायचं राहिलं.

आजी कुलिबाली. परीक्षक प्राध्यापक सिरिमान केयता. या दोन घराण्यांत पिढीजात थट्टेचं नातं. भेटले की एकमेकांना चवळीखाऊ आणि गुलाम म्हणायचं. कुणी नीट बोललं, तर घरी सगळं बरं आहे ना, असं लोक विचारतात.

अभिप्राय आला. नऊ पानी.

"लेखिका चवळीखाऊ आहे. कुलिबालींच्या घरात अक्षरं कधी शिरली, याचा पुरावा दिलेला नाही. पान सातवर घागरीचा घेर चुकला आहे. मोजताना आत चवळी शिजत असावी. माझ्या गुलामाच्या हाती लेखणी कुणी दिली?"

खाली 'स्वीकार' आणि 'नकार' अशा दोन चौकटी. खूण कुठेच नव्हती. मध्ये चवळीची शेंग काढली होती.

"हा नकार आहे का रे?" असितानबाईंनी विचारलं.

"बाई, ही माया आहे."

"मायेची चौकट नाही या कागदावर."

न्येले आली, वाचून हसता हसता खुर्चीवरून घसरली. "नऊ पानं! माझ्या सख्ख्या काकांनी दोनच्या पुढे वाचलं नाही. आणि बाई, घेर खरंच चुकलाय." तिने तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला.

"काय रे केयता, अजून जिवंत?"

"कोण? माझी गुलाम?"

"तुझी मालकीण!"

बाईंनी फोन हिसकावला. "सर, फक्त 'स्वीकारलं' म्हणा."

"मी? कुलिबालीचं स्वीकारू? वर गेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?"

"मग नाकारलं लिहू?"

"खबरदार! छापा तो. अख्ख्या देशाला कळू दे, कुलिबालींना घागर मोजता येत नाही. शुक्रवारच्या आत छापा!"

बाईंनी पत्रात लिहिलं: 'लेख त्वरित छापावा, अशी परीक्षकांची आग्रहाची शिफारस.' न्येलेने घेर दुरुस्त केला. ते कळल्यावर प्राध्यापक आठवडाभर रुसले होते.

पुढे संस्थेने विचारलं, फायलीत शेंग कशाला? यापुढे तटस्थ परीक्षक नेमा. मी सगळी आडनावं तपासली. आमच्यात ज्याचं कुणाशीच थट्टेचं नातं नाही, असा माणूस अजून जन्मायचा आहे. परका आणावा, तर आमच्याकडे जेवू घातलेल्या पाहुण्याला यजमान आपलं आडनावही देतो. म्हणून मी अर्ज केला:

"प्रति, मा. संचालक. कृपया आमच्या त्रैमासिकास परदेशातून एक तटस्थ परीक्षक मंजूर करावा. तसेच तो विमानातून उतरल्यापासून परत जाईपर्यंत देशातील कोणत्याही नागरिकाने त्याला जेवू घालू नये व आपलं आडनाव देऊ नये, असा लेखी आदेश काढावा, ही नम्र विनंती."