काना कोण होणार?

शनिवारी दामिनी शाळेतून पळतच आली. अंगणात ताठ उभी राहून तिने एक हात कमरेवर ठेवला, दुसरा आडवा धरला. "आई, मी 'व' शे. आते काना कोन व्हई?"

रोहिणीला हसू आलं. वर्षभर घरी पाटीपुढे बसवून, ओरडून, प्रसंगी चापट देऊनही पोरीच्या डोक्यात एक अक्षर शिरलं नव्हतं. नव्या रूपाली मॅडमनी मात्र पटांगणात पांढऱ्या फक्कीने मोठी अक्षरं आखली, मुलांना त्यांवरून चालवलं आणि मग जोडीजोडीने अक्षरं व्हायला लावलं. दोघांनी धरलेले हात म्हणजे वरची रेघ. आज दामिनीने येताना दुकानावरची पाटी वाचली होती.

"शाळामा कोन व्हस काना?" आजी मंगलाबाईंनी कौतुकाने विचारलं.

"रमिला. मन्हा हात घट्ट धरस ती."

मंगलाबाईंचं कौतुक तिथेच आटलं. रमिला म्हणजे त्यांच्याच शेतात सालभर राबणाऱ्या सालदाराची, भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या जालमसिंगची मुलगी. त्याच्या हातची केळी या घरात देवापुढे चालतात, त्याचा चहाचा कप मात्र गोठ्याच्या भिंतीवर पालथा असतो. आणि हे कुणाला खटकतही नाही, याची चीड येते.

सोमवारी मंगलाबाई शाळेत गेल्या. "मन्ही नातीले दुसरी जोडी द्या."

"जोड्या मुलांनीच निवडल्यात," मॅडम म्हणाल्या. "मी त्या मोडणार नाही."

मंगलाबाईंनी दामिनीची शाळा बंद केली. पुन्हा पाटी, पुन्हा ओरडा. हळूहळू तिला स्वतःचं नावही वाचता येईना. मग ती अंगणात खराटा उभा करून शेजारी 'व' होऊन उभी राहायची. हात सोडला की खराटा पडायचा. रोहिणी चुलीपाशी बसून ते बघायची. सुनेने गप्प राहायचं, हीच त्या घरची रीत.

एके दुपारी रमिला गोठ्यात बापाची भाकरी द्यायला आली.

"रमिला, ये ना, काना व्हय," दामिनीने हाक मारली.

रमिला फाटकातच थांबली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "बाप म्हने, तुले हात नही लावाना."

सहा वर्षांची पोर. हा धडा मात्र तिला एकदाच शिकवावा लागला होता.

रोहिणी पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"रोहिणी, मझार ये," मंगलाबाई घराच्या दाराकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"नही, आत्याबाई. सकाय दोन्ही पोरीसले मीच शाळामा लई जासू."

तिने रमिलापुढे हात केला. रमिलाने आधी मंगलाबाईंकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. पाठीमागचे हात काही सुटेनात. रोहिणी हात तसाच पुढे धरून उभी राहिली.